लंडनमधला 'फॉरबिडन डोअर': दोन देश, दोन कंपन्या आणि हरायचं कोणी

२४ ऑगस्ट २०२५, रविवार. लंडनच्या भुयारी रेल्वेत, ज्युबिली लाइनच्या डब्यात लंडन ब्रिजपासूनच काळे टी-शर्ट दिसायला लागतात. काहींवर अमेरिकेच्या एईडब्ल्यूची अक्षरं, काहींवर न्यू जपानचा सिंह. या दोन प्रो-रेसलिंग कंपन्यांचा 'फॉरबिडन डोअर', म्हणजे 'निषिद्ध दरवाजा', हा एकत्र कार्यक्रम त्या दिवशी नॉर्थ ग्रिनिचच्या दि ओटूमध्ये होता. लंडन ब्रिजहून चौथं स्टेशन नॉर्थ ग्रिनिच. हे स्टेशन भाड्याच्या झोन २ आणि ३ च्या सीमेवर येतं, त्यामुळे मध्य लंडनकडून येताना झोन २ चंच भाडं पडतं. वेगळं तिकीट काढायची गरज नाही, बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड चालतं. फक्त स्टेशनात शिरताना आणि बाहेर पडताना तेच कार्ड लावायचं, कारण एकदा कार्ड आणि एकदा फोन लावला तर मशीन ते दोन वेगळे प्रवास धरतं आणि जास्तीत जास्त भाडं कापतं.

तारखेचा एक फटका ध्यानात ठेवायला हवा. तो ऑगस्टच्या बँक हॉलिडेचा, म्हणजे सार्वजनिक सुट्टीला जोडून आलेला शनिवार-रविवार होता आणि त्याच रविवारी पश्चिम लंडनमधला रस्त्यावरचा मोठा उत्सव, नॉटिंग हिल कार्निव्हलही सुरू झाला. अशा वेळी तिकडे मुक्काम ठेवला तर शहर ओलांडण्यातच दुपार संपते. पूर्वेला, ज्युबिली लाइनवर कुठेही उतरलेलं बरं.

दि ओटू बाहेरून एकच अजस्र पांढरा तंबू दिसतो. व्यास ३६५ मीटर, वर आलेले १२ पिवळे खांब. १९९९ संपताना उघडलेला हा मिलेनियम डोम, आतलं अरीना मात्र २००७ चं. साधारण २०,००० माणसं मावतात. ए-४ कागदापेक्षा मोठी बॅग आणू नये. वरच्या ४०० क्रमांकाच्या ब्लॉकचा चढ फार उभा आहे, ज्यांना उंचीची भीती वाटते त्यांनी खालचे १०० चे ब्लॉक पाहावेत. सगळ्यात महाग असतात त्या सपाट जमिनीवरच्या खुर्च्या. पहिल्या तीन-चार रांगा सोडल्या तर त्यांचे पैसे वसूल होत नाहीत, कारण पुढचा माणूस उभा राहिला की रिंग गायब. त्यात शेवटची लढत पोलादी पिंजऱ्यातली होती. खालून तिरकं पाहिलं की जाळीवर जाळी चढते आणि आतलं काही कळत नाही. मधल्या उंचीवरून नजर जाळीतून जवळजवळ सरळ जाते.

प्रो-रेसलिंगचा निकाल आधी ठरलेला असतो, हे शेवटच्या रांगेतल्या पोरालाही ठाऊक असतं. एकाच कंपनीच्या घरात हरणं-जिंकणं हा गोष्टीचा भाग असतो, आज हरलेला पुढच्या महिन्यात उभा करता येतो. दोन कंपन्या एकत्र आल्या की हिशेब बदलतो. पाहुणा मल्ल चितपट झाला आणि दुसऱ्या दिवशी मायदेशी परतला, तर त्या पराभवाची भरपाई कुठे करायची? न्यू जपान १९७२ ची, एईडब्ल्यू २०१९ ची. लंडनच्या कार्यक्रमाला मल्ल पाठवणारी मेक्सिकोची सीएमएलएल १९३३ ची, आज चालू असलेल्या कंपन्यांत सगळ्यात जुनी. प्रत्येकीला आपलं माणूस जपायचं असतं. म्हणून असा कार्यक्रम बघताना आम्ही कोण जिंकलं यापेक्षा कोण हरलं आणि कुठल्या नियमाने हरलं, यावर जास्त लक्ष ठेवतो.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण २१ मार्च १९९१ चं, टोकियो डोममधलं. अमेरिकेची डब्ल्यूसीडब्ल्यू आणि न्यू जपान यांचा एकत्र कार्यक्रम होता. न्यू जपानच्या तात्सुमी फुजिनामीने डब्ल्यूसीडब्ल्यूचा विजेता रिक फ्लेअर याला चीत केलं, जपानी पंचाने तीन मोजले, डोम दणाणला. पण त्याआधी फ्लेअर वरच्या दोरावरून बाहेर फेकला गेला होता. डब्ल्यूसीडब्ल्यूच्या नियमात तो सरळ फाउल होता, जपानमध्ये नव्हता. मग जपानात फुजिनामी विजेता आणि अमेरिकेत फ्लेअरच विजेता, असा दुहेरी कारभार काही आठवडे चालला. १९ मे रोजी फ्लोरिडात फ्लेअर पुन्हा जिंकला तेव्हा कुठे हिशेब जुळला. ही चूक नव्हती, दोन्ही घरं राखणारी तडजोड होती.

आजही नियम सारखे नाहीत. रिंगबाहेर गेलेल्या मल्लासाठी न्यू जपानचा पंच २० पर्यंत मोजतो, एईडब्ल्यूचा १० पर्यंत. ऐकायला किरकोळ वाटतं, पण बाहेरच्या मारामारीची सगळी लय यावर चालते. २० ची सवय असलेला मल्ल कठड्यावर आपटल्यावर सावकाश उठतो, १० च्या घरात तेवढी उसंत नसते. मेक्सिकोत तर डोकं खाली धरून आपटण्याच्या पाइलड्रायव्हरलाच मनाई आहे, मुखवटा ओढला की बाद, आणि सांघिक लढतीत जोडीदार रिंगबाहेर पडला की टाळी न देताही दुसरा आत येऊ शकतो. शिवाय मेक्सिकोत पकडी उजव्या अंगाला घ्यायला शिकवतात, अमेरिका-जपानमध्ये डाव्या. वेगळ्या घरातल्या दोन मल्लांची पहिली पकड लागते तेव्हा हातांकडे बघा. कोणी कोणाच्या पद्धतीला वाट दिली, ते अर्ध्या सेकंदात दिसतं.

रिंगही सगळीकडे एकसारखी नसते. पोलादी सांगाडा, त्यावर लाकडी फळ्या, पातळ फोम आणि वर ताणलेलं कॅनव्हास, इतकंच. काही कंपन्या टेप गुंडाळलेला खरा दोर वापरतात, काही रबरी नळीत घातलेली पोलादी केबल. दोर जास्त ताणतो, केबल कमी, आणि अंदाज चुकला तर परत येणारं पाऊल अर्ध्या फुटाने चुकतं. म्हणून पाहुणा मल्ल सुरुवातीलाच उगाच दोराला पाठ लावून रेलल्यासारखा करतो. तो दोर तोलून बघत असतो. आणि कडा, जिला एप्रन म्हणतात: मधली फळी थोडी दबते, कडेखाली मात्र सांगाडा असतो. मधे पडलेल्याचा आवाज ढोलासारखा घुमतो, कडेवर पडलेल्याचा कोरडा 'टक्' येतो. तो 'टक्' ऐकू आला की मार खरा लागलाय असं समजावं.

त्या रविवारी झेंडे आणि कंपन्या यांचा मेळ अजिबात बसत नव्हता, आणि आमच्या मते तीच संध्याकाळची खरी गंमत होती. न्यू जपानचा सर्वोच्च किताब, म्हणजे आयडब्ल्यूजीपी पट्टा होता झॅक सेबर ज्युनियरकडे, म्हणजे इंग्लंडच्या केंटमधल्या माणसाकडे. समोर लंडनचाच नायजेल मॅकगिनेस, एईडब्ल्यूचा समालोचक. दोघेही कुलुपासारख्या पकडींत मुरलेले. जपानचा किताब, दोन इंग्रज, आणि फुटबॉलच्या मैदानासारखं एका सुरात गाणारं लंडन. सेबरने पट्टा राखला. उलट, न्यू जपानने घडवलेला काझुचिका ओकाडा एईडब्ल्यूचा किताब घेऊन उतरला आणि त्याने एईडब्ल्यूच्याच स्वर्व्ह स्ट्रिकलंडला हरवलं. मर्सिडीज मोनेच्या चौरंगी लढतीत एईडब्ल्यूची अ‍ॅलेक्स विंडसर, जपानच्या स्टारडम या महिलांच्या कंपनीकडून बोझिला आणि सीएमएलएलची पर्सेफोनी होती. चौरंगीचा फायदा साधा आहे: चीत एकच होते, बाकीच्या दोघी न हरता घरी जातात. पाहुणे जास्त आणि त्यांना हरवायची तयारी कमी असली की अशाच लढती ठरतात.

तक्रार एकच. मुख्य कार्यक्रमातल्या किमान पाच लढती एईडब्ल्यूच्या आपापसातल्याच होत्या. हँगमन अ‍ॅडम पेज आणि एमजेएफची लढत उत्तम झाली, पण तिच्यासाठी दुसऱ्या देशाची कंपनी लागत नाही.

अर्थात कागदावर ठरलेलं तसंच उतरेल याची हमी नसते. २०२२ मध्ये शिकागोच्या युनायटेड सेंटरमध्ये पहिला 'फॉरबिडन डोअर' झाला तेव्हा सीएम पंकचा पाय मोडला होता. न्यू जपानच्या हिरोशी तानाहाशीसमोर ऐनवेळी जॉन मॉक्सलीला उभं करावं लागलं. ब्रायन डॅनियलसनच्या जागी क्लॉडिओ कास्टान्योली आला. केनी ओमेगा जखमी, इशी जखमी, हिरोमु ताकाहाशीला ताप. दोन खंडांतली वेळापत्रकं एका रविवारी जुळवायची म्हणजे दोन्हीकडच्या दुखापतींची बेरीज होते. २०२३ ला टोरांटोत तर लढत चालू असतानाच डॅनियलसनचा हात मोडला, आणि त्याच अवस्थेत त्याने पकड लावून ओकाडाला शरण आणलं. म्हणून तिकीट एकाच लढतीवर जीव टाकून काढू नये.

शेवटी पिंजरा. पाच विरुद्ध पाच. एकीकडे विल ऑस्प्रे, केनी ओमेगा, कोटा इबुशी, डार्बी अ‍ॅलिन आणि तानाहाशी. समोर मॉक्सली, कास्टान्योली, यंग बक्स ही दोघांची जोडी आणि गेब किड. 'निषिद्ध दरवाजा' हा शब्दप्रयोग मुळात तानाहाशीच्याच तोंडचा. तेव्हा तो न्यू जपानचा अध्यक्ष होता आणि ४ जानेवारी २०२६ ला निवृत्त होणार असल्याचं त्याने आधीच सांगून टाकलं होतं. गुडघे पार गेले होते, चालतानासुद्धा कळत होतं. तरी कंपनीचा अध्यक्ष दुसऱ्या देशात, दुसऱ्या कंपनीच्या पिंजऱ्यात उतरतो, आणि त्याच्या नावाने सगळं अरीना उभं राहतं. त्याचीच बाजू जिंकली.

बाहेर पडताना घाई करावी. ज्युबिली लाइनची रात्रभराची सेवा फक्त शुक्रवार-शनिवारी असते, आणि रविवारी गाड्या इतर दिवसांपेक्षा लवकर थांबतात. स्टेशनच्या दारात गर्दी टप्प्याटप्प्याने सोडतात. रांग लांब दिसते, पण ती सरकत राहते. आमच्या पुढे दोघं सेबर आणि मॅकगिनेसच्या पकडी एकमेकांच्या मनगटावर लावून दाखवत होते. टोकियोत तेव्हा सोमवार उजाडला होता, आणि न्यू जपानचा पट्टा अजून लंडनमध्येच होता.