रिले निर्दोष होता

चढावर इंजिन तापून दिवा लागला, तरी माझ्या एटीव्हीच्या (खडबडीत वाटांवरच्या चारचाकी गाडीच्या) रेडिएटरचा पंखा स्तब्धच होता. बॅटरीवरून थेट १२ व्होल्ट देताच तो जोरात फिरला, म्हणजे मोटर शाबूत होती. थर्मोस्विचच्या, म्हणजे इंजिन तापले की पंखा सुरू करणाऱ्या स्विचच्या, दोन्ही तारा एकमेकींना जोडल्यावर रिलेचा (पंख्याला वीज जोडणाऱ्या विद्युत स्विचचा) ‘टक्’ असा आवाज आला, पण पंखा जेमतेम थरथरला. तेव्हा रिले बदलण्याची घाई न करता मल्टीमीटरचे एक टोक मोटरच्या अर्थिंगच्या तारेला आणि दुसरे बॅटरीच्या ऋण टोकाला लावले, तर जिथे जवळपास शून्य दिसायला हवे तिथे ४ व्होल्ट दिसले, म्हणजे दोष अर्थिंगमध्ये होता. पंख्याचा प्लग काढून मोजले असते, तर तारेतून प्रवाहच वाहत नसल्याने हा दोष सापडलाच नसता. ती तार गाडीच्या चासीला (सांगाड्याला) जोडणाऱ्या बोल्टखाली चिखल आणि तांब्याचा हिरवट गंज साचला होता. धातू चकचकीत होईपर्यंत घासून तारेच्या टोकाला नवा लग (बोल्टखाली बसणारे धातूचे कडे) बसवला, वर ग्रीस लावले आणि पंखा पूर्ववत फिरू लागला.