2035 या आकड्याचा माग

पुण्यातील एका प्रकाशन संस्थेत मी तथ्यतपासणीचे काम करते. लेखकाने दिलेला आकडा, सन किंवा अवतरण मूळ ठिकाणी तसेच आहे का, हे पाहिल्याशिवाय आमच्याकडे मजकूर छपाईला जात नाही. शाळांसाठी तयार होत असलेल्या हवामान बदलावरील एका पुस्तिकेची मुद्रिते वाचताना हिमालयाच्या प्रकरणातील एका वाक्यापाशी मी थबकले. सध्याच्या वेगाने हिमालयातील हिमनद्या 2035 पर्यंत नाहीशा होण्याची दाट शक्यता आहे, असे त्यात म्हटले होते आणि खाली आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलविषयक समितीच्या 2007 च्या चौथ्या मूल्यांकन अहवालाचा हवाला होता.

हवाला खोटा नव्हता. अहवालाच्या दुसऱ्या कार्यगटाच्या, म्हणजे हवामान बदलाच्या परिणामांवरच्या खंडात, आशियावरील दहाव्या प्रकरणात, ते विधान खरोखरच छापलेले आहे. मला खटकले ते त्याच्या पुढचे वाक्य. हिमनद्यांचे एकूण क्षेत्रफळ 5,00,000 चौरस किलोमीटरवरून 2035 पर्यंत 1,00,000 चौरस किलोमीटरवर येईल, असे तिथे लिहिले आहे. हिमालय पर्वतरांगेतील सगळ्या हिमनद्या एकत्र केल्या तरी त्यांचे क्षेत्रफळ चाळीस हजार चौरस किलोमीटरच्या आतच भरते. मग हे पाच लाख आले कुठून, हा प्रश्न घेऊन मी त्या दिवशी मागे मागे जात राहिले.

अहवालाने आधार दिला होता तो डब्ल्यूडब्ल्यूएफ या निसर्गसंवर्धन संस्थेच्या 2005 च्या अहवालाचा. तो उघडला, तर 2035 चा आधार म्हणून तिथे ‘न्यू सायंटिस्ट’ या साप्ताहिकातील 1999 ची बातमी दिलेली होती, आणि ती बातमी एका भारतीय हिमनदीतज्ज्ञाशी झालेल्या बोलण्यावर बेतलेली होती. ज्या अभ्यासाच्या नावावर ते साल सांगितले गेले, त्या अभ्यासात हिमनद्या केव्हा संपतील याचा अंदाजच नव्हता. पाच लाखांचा उगम त्याहून वेगळा निघाला. रशियन हिमनदीतज्ज्ञ व्लादिमीर कोत्ल्याकोव्ह यांच्या संपादनाखाली युनेस्कोने 1996 मध्ये काढलेल्या अहवालात तेच दोन आकडे आहेत, पण ते ध्रुवीय प्रदेश वगळून साऱ्या पृथ्वीवरच्या हिमनद्यांसाठी आहेत आणि त्यापुढे 2350 हे साल आहे. दोन वेगळ्या विधानांची सांगड पडली, 2350 च्या जागी 2035 आले आणि साऱ्या जगाचे क्षेत्रफळ हिमालयाच्या खात्यावर जमा झाले.

हा माग सर्वप्रथम मी काढलेला नाही. कॅनडातील ट्रेंट विद्यापीठाचे ग्रॅहम कॉग्ली आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी तो काढून जानेवारी 2010 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडला, आणि 20 जानेवारी 2010 रोजी आयपीसीसीने निवेदन काढून त्या परिच्छेदातील अंदाजांना पुरेसा आधार नसल्याचे मान्य केले. तरीही प्रत्येक दुवा मी स्वतः उघडून पाहिला. दुरुस्तीवरही तपासल्यावाचून विश्वास टाकायचा नाही, असे मला या कामात मनापासून वाटते.

आयपीसीसी अहवालाच्या त्याच दहाव्या प्रकरणात हिमनद्यांच्या माघारीचा एक तक्ता आहे. त्यातली पिंडारी हिमनदीची ओळ मी गणकयंत्र घेऊन पडताळली. 1845 ते 1966 या काळात ती 2840 मीटर मागे सरली आणि सरासरी वेग वर्षाला 135.2 मीटर, असे तिथे दिले आहे. 1845 ते 1966 म्हणजे 121 वर्षे. 2840 ला 121 ने भागले की साधारण 23.5 मीटर येतात. 135.2 हे उत्तर 21 ने भागल्यावर येते. भाजकातले शतक गळाले आणि वेग जवळजवळ सहापट झाला. मोजमाप बरोबर, भागाकार चुकीचा. मूळ लांबी आणि कालावधी त्याच ओळीत शेजारी छापलेले असल्यामुळेच हे पकडता आले, आणि म्हणून नुसती सरासरी देणाऱ्या लेखकांकडे मी मूळ मोजमापेही आग्रहाने मागते.

संध्याकाळी लेखकांना फोन केला. ते भूगोलाचे निवृत्त शिक्षक. सगळे शांतपणे ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, “ताई, हे साल काढलंत तर मुलांना वाटेल की हिमालयाला काही धोकाच नाही. चूक आयपीसीसीने केली, पण बर्फ वितळतोय ना?” त्यांची काळजी खरी होती. मी म्हटले, “सर, बर्फ वितळतोय हे मोजलेलं आहे, ते ठेवूच. फक्त मोजलेलंच ठेवू.” पहिल्या कार्यगटाच्या खंडात, म्हणजे भौतिक विज्ञानाच्या भागात, 2035 चे विधान कुठेही नाही, तिथले हिम आणि बर्फावरील प्रकरण हिमनद्यांच्या जागतिक घटीबद्दल सविस्तर आणि साधार बोलते, हेही मी त्यांना दाखवले.

सरांनी परिच्छेद नव्याने लिहून पाठवला. त्यात काठमांडूच्या इसिमोड या पर्वतीय विकासावर काम करणाऱ्या संस्थेने 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या हिंदुकुश-हिमालय मूल्यांकनाचा आधार आहे: जागतिक तापमानवाढ 1.5 अंश सेल्सिअसवर रोखली तरी या प्रदेशातील सुमारे एक तृतीयांश हिमनदी-बर्फ शतकाअखेरपर्यंत जाईल, आणि उत्सर्जन असेच चालू राहिले तर सुमारे दोन तृतीयांश. मी ते मूल्यांकन उघडले, दोन्ही विधाने जुळवून पाहिली आणि मुद्रितावर सही केली.