आईच्या फणीतला एक केस

आज सकाळी आईच्या केसांना तेल लावून दिलं. वेणी घालायच्या आधी फणीत अडकलेला एक केस हातात आला. टोकाकडे काळाभोर, मुळाकडे बोटभर पांढरा. लेक शेजारीच बसली होती. म्हणाली, "आजी, हा अर्धाच का गं पिकला?"

किती नेमका प्रश्न! मुळातून बाहेर आलेला केस निर्जीव असतो, तो आपणहून पांढरा होत नाही. त्वचेखाली मुळाशी रंग बनवणाऱ्या पेशी असतात, त्या वाढत्या केसात मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य भरतात. त्याचे दोन प्रकार, युमेलॅनिन आणि फिओमेलॅनिन. युमेलॅनिन भरपूर असलं की केस काळे, कमी असलं की पिंगट किंवा सोनेरी. फिओमेलॅनिन जास्त असलं की तांबूस. वयानुसार या पेशींचा साठा सरत जातो, मग तिथून पुढे येणारा केस बिनरंगाचाच येतो. कधी सरणार, हे बरंचसं आईवडिलांकडून आलेलं असतं. (आणि एक उपटला की दहा पिकतात, हे खरं नाही. एका मुळाचा शेजारच्या मुळाशी काही संबंध नसतो.)

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. मी तो पांढरा भाग पट्टीवर धरला. सात सेंटिमीटर. म्हणजे सात महिन्यांपूर्वी, पावसाळ्याच्या सुरुवातीला, या एका मुळातला रंग संपला होता. तेव्हा बाबा आजारी होते. त्याचा याच्याशी संबंध असेलच असं नाही, पण मला ते दिवस आठवले.

तो केस मी टाकला नाही, वहीत ठेवलाय.