नावापुढे जात लिहिलेला फलक

लॉस एंजेलिसचे पहिले तीन दिवस हॉलिवूड, समुद्रकिनारा आणि बेव्हर्ली हिल्सचे बंगले रस्त्यावरून बघण्यात गेले.

चौथ्या दिवशी युनियन स्टेशनवर गाडीला दोन तास अवकाश होता, म्हणून समोरच्या जुन्या चौकात गेलो. ओल्वेरा स्ट्रीटवर पाय ठेवायला जागा नव्हती. चौकातल्या ब्राँझच्या फलकापाशी मात्र मी एकटाच. 4 सप्टेंबर 1781 रोजी हे गाव वसवणाऱ्या 11 कुटुंबांची, 44 जणांची ती यादी. नाव, वय, आणि पुढे चक्क जात!

आपल्याकडे हा रकाना दिसला की माझ्या कपाळावर आठी पडते. इथे मी त्याचे आभार मानले. ही स्पॅनिश नावं नुसती वाचली असती, तर डोळ्यांपुढे गोरे शिलेदारच आले असते. प्रत्यक्षात आजच्या मेक्सिकोतल्या सिनालोआ-सोनोराकडून आलेली ही गरीब माणसं: निग्रो, मुलाटो (आफ्रिकी-युरोपीय मिश्र वंशाचे), इंडियन (म्हणजे अमेरिकेतले आदिवासी), मेस्तिझो (आदिवासी-युरोपीय मिश्र वंशाचे). अर्ध्याहून अधिक जणांचे पूर्वज आफ्रिकेतले. 'स्पॅनिश' म्हणून नोंदलेले अवघे दोन! हे लपवलं जाऊ नये, असं मला फार मनापासून वाटतं.

पण त्यांना इथले 'पहिले' रहिवासी म्हणणं खटकतंच. जवळच टोंग्वा या इथल्या आदिवासी लोकांचं यांगा हे गाव आधीपासून नांदत होतं. त्यातलं एकही नाव या यादीत नाही.

सगळ्यात जास्त वेळ मी लुइस किंतेरोपाशी थांबलो. निग्रो, वय 55, पेशाने शिंपी. बायको पेत्रा रुबियो, पाच मुलं, धाकटा तीन वर्षांचा. पन्नाशी उलटल्यावर एवढं लेंढार घेऊन माणूस अनोळखी मुलखात आला, आणि पुढच्याच वर्षी, 1782 मध्ये, निरुपयोगी ठरवून त्याला इथून घालवून दिलं. आणखी दोघांनाही. तो सांता बार्बराला गेला आणि तिथे पुन्हा शिंपीकाम करू लागला. ज्यांना हाकललं, त्यांचीही नावं फलकावर आहेत, हे बघून बरं वाटलं.

याच किंतेरोची नात मारिया रीटा वाल्देझ. आज जिथे बेव्हर्ली हिल्स आहे, ते रांचो (गुरं चारायची मोठी जमीन) तिच्या मालकीचं होतं. परवा बसमधल्या गाइडने प्रत्येक फाटकापाशी नटनट्यांची नावं सांगितली. तिचं नाव त्याने एकदाही घेतलं नाही.