जुलैचा पहिला आठवडा आणि लॅक सूलचा पेच

मंडळी, आमच्या गटाच्या मासेमारीच्या सहलीसाठी कॅनडातील वायव्य ऑन्टारिओतला लॅक सूल हा तलाव नक्की झाल्याचे मागच्या नोंदीत कळवले होते आणि लॉजचे नाव पुढच्या वेळी सांगतो, असे आश्वासनही दिले होते. ते नाव आता सांगण्यात अर्थ उरलेला नाही, कारण त्या लॉजशी झालेली बोलणी फिसकटली आहेत. सहा जणांची केबिन, हाउसकीपिंग पद्धत (स्वयंपाक आपणच करायचा), शनिवार ते शनिवार मुक्काम आणि ४० अश्वशक्तीच्या इंजिनांसह १८ फुटी दोन बोटी, असे फोनवर ठरले होते. लेखी कागद आला तेव्हा बोटी १६ फुटी झाल्या होत्या, इंजिने २० अश्वशक्तीवर उतरली होती, आणि मोठी बोट हवी असल्यास रोजचे वेगळे भाडे पडेल, असे तळटीपेत बारीक अक्षरांत छापलेले होते.

एखाद्या लहान, आडोशाच्या तलावावर मला २० अश्वशक्ती पुरली असती. लॅक सूल मात्र इअर फॉल्स गावापासून हडसन गावापर्यंत पसरलेले, फाट्यांचे आणि उपसागरांचे अवाढव्य पाणी आहे. तेथे पश्चिमेचा वारा दुपारी उठला की मधल्या मोकळ्या पट्ट्यात लाटा उभ्या राहतात, आणि बारा वर्षांचा मुलगा बोटीत असताना त्या लाटांवर संथ इंजिनाने तासभर परतणे मला मान्य नाही. शिवाय आमचा आठवडा जुलैचा पहिला असल्याने मासे लॉजच्या धक्क्यापासून लांब सापडणार, हे जवळजवळ ठरलेले आहे. बोटीचा प्रश्न अशा रीतीने आठवड्याच्या प्रश्नात शिरला, आणि ही नोंद मुख्यतः त्याविषयीच आहे.

वॉलाय या माशाचा हंगाम तेथे मे महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी उघडतो. त्यानंतरचे तीन-चार आठवडे नर मासे अंडी घालण्याच्या जागांजवळ, नद्यांच्या मुखांशी आणि उथळ खाड्यांत रेंगाळतात. चौथाई औंसाचा जिग (वजनदार डोक्याचा गळ) आणि त्यावर मिनो (आमिषाचा लहान मासा) एवढ्या सामग्रीवर कोणालाही मासा लागतो. जुलैअखेर आणि ऑगस्टमध्ये तेच मासे मधल्या खडकाळ उंचवट्यांवर सहा ते नऊ मीटरांवर स्थिरावतात आणि सोनार (ध्वनिलहरींनी तळ आणि मासे दाखवणारे यंत्र) जवळ असला तर पुन्हा सोपे होतात. या दोन्हींच्या मधला काळ हा पेच आहे. ऑन्टारिओतील शाळा जूनच्या शेवटी सुटतात, त्यामुळे मुले बरोबर असलेल्या कोणत्याही गटाला नेमका हाच संक्रमणाचा आठवडा वाट्याला येतो, आणि त्याच सुमारास मेफ्लाय निघतात.

मेफ्लायविषयी नव्या सभासदांसाठी थोडे विस्ताराने लिहितो. हेक्साजेनिया जातीच्या या किड्यांच्या अळ्या तळाच्या मऊ चिखलात बिळे करून राहतात आणि पाणी पुरेसे तापले की संध्याकाळी थव्याने वर येतात. वॉलाय तेव्हा उंचवटे सोडून चिखलाच्या सपाटीवर जातात, अळ्यांनी पोट भरून घेतात आणि तुमच्या मिनोकडे ढुंकूनही पाहत नाहीत. सोनारवर मासे दिसतात, गळाला मात्र काही लागत नाही. अशा वेळी जिग गुंडाळून ठेवावा आणि चिखल व खडक यांच्या सीमेवर अर्धे गांडूळ लावलेला स्पिनर (फिरत्या पात्याचा गळ) अतिशय संथपणे ओढावा, किंवा तरंगत्या बुचाखाली जळू लावून ती तळापासून हातभर वर ठेवावी. कोकणात खाडीच्या काठावर बसून गरवलेल्या माणसाला हा संथपणा अवघड जाऊ नये. आमच्या गटातील काकांना तो उपजतच येतो, मला शिकावा लागला.

परंतु थवे नेमके कधी निघतील, हे तापमानावर अवलंबून असते. वसंत ऋतू लांबला तर ते जुलैत सरकतात, लवकर तापला तर जूनमध्येच आटोपतात. पैसे आगाऊ भरलेल्या गटाला याची हमी कोणीच देऊ शकत नाही. ज्या लॉजवाल्यांना मी विचारले, त्यांतील बहुतेकांनी ‘आमच्याकडे मासेमारी नेहमीच उत्तम असते’ असे उत्तर दिले. एका बाईंनी मात्र गेल्या वर्षी त्याच आठवड्यातील पाहुणे किती खोलीवर, कोणत्या तळावर आणि दिवसाच्या कोणत्या वेळी मासे पकडत होते, हे वहीतून वाचून दाखवले. माझ्या लेखी लॉजची खरी परीक्षा हीच आहे. संकेतस्थळावरील मोठ्या माशांच्या छायाचित्रांवरून, ती कोणत्या महिन्यात काढली आहेत हे कळल्याशिवाय, काहीही ठरवू नये.

याच शोधात एक गोष्ट हाती लागली, जिचा आनंद मला अजून पुरतो आहे. लॅक सूल हा धरणाने वाढवलेला जलाशय असल्यामुळे त्याची पातळी हिवाळ्यात वीजनिर्मितीसाठी उतरवली जाते आणि वसंतात पुन्हा भरली जाते. ही पातळी १९१९ पासून कार्यरत असलेले लेक ऑफ द वूड्स नियंत्रण मंडळ ठरवते आणि तिचे आलेख सर्वांसाठी खुले ठेवते. आलेखात चालू वर्षाची रेषा मागील वर्षांच्या पट्ट्यावर काढलेली असते, त्यामुळे आमच्या आठवड्यात पाणी चढते असेल की स्थिरावलेले, याचा अंदाज घरी बसून घेता येतो. लॅक सूलचे पाणी ज्या विनिपेग नदीच्या खोऱ्यात जाते, तेथे २०२१ मध्ये अवर्षण आणि २०२२ मध्ये मोठा पूर आला. ही दोन वर्षे शेजारी ठेवून पाहिली की मागच्या वर्षी मासे लागलेली खाडी यंदा का रिकामी असते, याचा उलगडा होतो.

त्याच धरणाची दुसरी बाजूही आहे. इअर फॉल्सच्या धरणामुळे तलाव सुमारे तीन मीटर वर आला, किनाऱ्याचे जंगल बुडाले आणि लॅक सूल फर्स्ट नेशन या मूळनिवासी समाजाच्या राखीव भूमीचा मोठा भाग पाण्याखाली गेला. त्याच्या भरपाईचा निकाल कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने थेट २०२१ मध्ये दिला. गरवणाऱ्यासाठी त्याचा व्यावहारिक अर्थ असा की बुडालेले बुंधे अजूनही काही खाड्यांत पाण्याखाली उभे आहेत. पातळी कमी असेल त्या वर्षी अनोळखी खाडीत पूर्ण वेगाने शिरू नये. खोलीच्या नकाशांपैकी सरकारी ‘फिश ऑन-लाइन’ हे साधन मला कोणत्या तलावात कोणत्या जाती आहेत हे पाहण्यासाठी फार आवडते, पण त्यातील अनेक खोलीचे नकाशे जुन्या मापनांवर आधारलेले आहेत आणि बुंध्यांच्या बाबतीत त्यांच्यावर विसंबता येत नाही.

सोनारची प्रगती थोडक्यात सांगतो. लॉजच्या बोटीवर लावता येईल असा सी-क्लॅम्पचा धारक तयार झाला असून राइस लेकवर त्याची चाचणी समाधानकारक ठरली. ट्रान्सड्यूसर (सोनारचा पाण्यात राहणारा, ध्वनी सोडणारा व टिपणारा भाग) इंजिनापासून दूर आणि बोटीच्या तळाच्या रेषेपेक्षा किंचित खाली ठेवल्यावर बुडबुड्यांचा गोंगाट जवळजवळ नाहीसा झाला आणि मध्यम वेगातही तळाची रेषा तुटली नाही. बाजारातील तयार धारकाची किंमत पाहिल्यावर हे काम स्वतः केल्याचे समाधान अधिकच वाटते. थंडर बेपर्यंत विमानाने जायचे झाल्यास बॅटरीचा प्रश्न येतो: सुटी लिथियम बॅटरी १६० वॉट-तासांपेक्षा मोठी नेता येत नाही, आणि १०० च्या वर विमान कंपनीची परवानगी लागते. १२ व्होल्टची १० अँपिअर-तासांची, म्हणजे १२० वॉट-तासांची बॅटरी परवानगी घेऊन या मर्यादेत बसते आणि दिवसभर पुरते.

आमिषाबद्दल पुन्हा स्मरण देतो, कारण हा प्रश्न वारंवार येतो. २०२२ पासून ऑन्टारिओत आमिषाचे विभाग ठरलेले आहेत आणि मिनो किंवा जळवा एका विभागातून दुसऱ्यात नेता येत नाहीत. टोरांटोहून बादली भरून निघण्याचा विचार सोडून द्यावा, उत्तरेतच विकत घ्यावे आणि पावती जपून ठेवावी. गांडुळांना हा निर्बंध नाही.

येथपर्यंत लिहिल्यावर गटातून एक नवीनच सूचना आली. लॅक सूलसाठी सुमारे १८०० किलोमीटरचा प्रवास करून जर संक्रमणाचा आठवडाच मिळणार असेल, तर टेमागामी गावाच्या वायव्येचा लेडी एव्हलिन तलाव का नको? तेथे मोवॅट लँडिंगला गाडी ठेवून मॉन्ट्रियल नदीने मॅटावापिका धरणापर्यंत बोटीने जावे लागते आणि सामान धरणापलीकडे उचलून न्यावे लागते. वॉलाय, पाइक आणि स्मॉलमाउथ असे तिन्ही मासे तेथे आहेत, आणि वॉलाय चिखलावर पोट भरत बसले तरी मुलांना खडकाळ किनाऱ्यावर स्मॉलमाउथ लागत राहतील, हा मुद्दा मला फार पटला. ज्यांना रोज गळ टाकायचा नाही, त्यांच्यासाठी मेपल माउंटनची चढाई आहे. लॅक सूलच्या तुलनेत पाणी लहान असल्याने २० अश्वशक्तीच्या बोटीही चालतील.

काकांनी मात्र तलाव बदलण्याऐवजी आठवडा बदलावा, असे मत दिले, आणि ते मी गांभीर्याने घेतले आहे. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात शाळा अजून उघडलेल्या नसतात, मेफ्लाय आणि काळ्या माश्या दोन्ही संपलेल्या असतात, जलाशय सामान्यतः भरलेला असतो आणि मासे उंचवट्यांवर सापडतात. त्या काळात वारा अधिक असतो आणि संध्याकाळ लवकर होते, म्हणून १८ फुटी बोट ही अट तेव्हाही सुटणार नाही. कॉन्झर्वेशन परवान्यावर, म्हणजे कमी मासे ठेवू देणाऱ्या परवान्यावर, लॅक सूलमध्ये प्रत्येकाला दोन वॉलाय ठेवता येतात. ४६ ते ५३ सेंटीमीटरमधला प्रत्येक सोडावा लागतो आणि त्याहून मोठा एकच चालतो. रोज दुपारी किनाऱ्यावर रवा लावून तळण्यासाठी सहा जणांना तेवढे पुष्कळ आहेत. स्टोव्ह मात्र प्रोपेनचाच न्यायचा, कारण कोरड्या उन्हाळ्यात तेथे उघड्या आगीवर बंदी येते. २०२१ च्या जुलैत वायव्य ऑन्टारिओत ती आलीच होती.

सध्या दोन पत्रे गेली आहेत. वहीतून वाचून दाखवणाऱ्या बाईंना ऑगस्टअखेरची केबिन आणि बोटीची लांबी व अश्वशक्ती लेखी मागितली आहे. लेडी एव्हलिनवरील एका लॉजला जुलैच्या पहिल्या आठवड्याविषयी तेच खोलीचे आणि तळाचे प्रश्न विचारले आहेत, शिवाय धरणावर सामान उचलायला त्यांचा माणूस येतो की आपल्यालाच वाहावे लागते, हेही विचारले आहे. ज्यांचे उत्तर आकड्यांत येईल त्यांना आगाऊ रक्कम जाईल. लेडी एव्हलिनवर उन्हाळ्याच्या सुरुवातीला कोणी गेले असल्यास, मासे कोणत्या खोलीवर लागले आणि संध्याकाळी सपाटीवर मेफ्लाय दिसले का, एवढे कृपया कळवावे; काका तोवर तंगूस बदलून ठेवत आहेत आणि जुलै की ऑगस्ट हे ठरण्याआधीच त्यांनी जळवा कोठे मिळतील, याची चौकशी दोन्हीकडे सुरू केली आहे.