संध्याकाळी पडणारी पापणी: आईच्या निदानाचा अनुभव

आईचं दुखणं सकाळी कुणाला दिसायचंच नाही. आमची तासगावकडं द्राक्षबाग. सकाळी ती बागेत ठणठणीत असायची, पण दिवेलागणीला डावी पापणी डोळ्यावर उतरायची, एकाचे दोन दिसायचे, बोलणं नाकात यायचं. रात्री भाकरी चावता चावता जबडा दमायचा, मग हनुवटीला हाताचा आधार देऊन ती घास चावायची. भावकीत म्हणायला लागले, वारं गेलं असंल. सांगलीत डोळे तपासले, मेंदूचा एमआरआय केला, सगळं नॉर्मल. 'टेन्शन घेऊ नका' म्हणून ताकदीच्या गोळ्या मिळाल्या. दवाखान्याची वेळ नेमकी सकाळची, आणि सकाळी आई बरी!

शेवटी बहिणीनं रात्री जेवतानाचा व्हिडिओ काढला. मिरजेच्या एका फिजिशियननी तो दोनदा बघितला आणि मुंबईला केईएम हॉस्पिटलच्या न्यूरॉलॉजी, म्हणजे मेंदू आणि नसांच्या विभागासाठी चिठ्ठी दिली. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं दादरला उतरलो, परळ गाठलं, केस पेपर काढला. रांगेचं काय सांगायचं, गर्दी सगळ्यांनाच माहीत आहे.

आधी एका रेसिडेंट डॉक्टरनी सगळी हकिकत लिहून घेतली. हे डॉक्टर एमडी झाल्यावर आणखी 3 वर्षं डीएम, म्हणजे याच विषयातलं पुढचं शिक्षण करत असतात. त्यांचे प्रश्न आम्हाला तोवर कुणी विचारलेच नव्हते. केस विंचरताना हात भरून येतो का? झोप काढली की डोळा उघडतो का? दोनाचं दिसणं एक डोळा झाकला की जातं का? आई प्रत्येकाला 'होय की' म्हणत गेली.

मग प्रोफेसर मॅडम आल्या, मागं विद्यार्थी. एमआरआयच्या पाकिटाला त्यांनी हातही लावला नाही. "मावशी, मान न हलवता माझ्या बोटाकडं वर बघत राहा." आम्ही सगळे बघत उभे. मिनिटभरात डावी पापणी हळूहळू खाली यायला लागली, भर सकाळी. एका श्वासात आकडे मोजायला लावले, खांदे दाबून ताकद बघितली, गुडघ्यावर हातोडी मारली. मग हातमोज्यात बर्फ घालून 2 मिनिटं पापणीवर धरला. काढला तर डोळा चांगला उघडलेला! मॅडमनी मुलांना विचारलं, "बिघाड कुठं?" मेंदूत नाही, मणक्यात नाही, हातोडीला पाय नीट उडतो, मुंग्या नाहीत, म्हणजे नसही ठीक. मग राहिली ती नस आणि स्नायू भेटतात ती जागा. नसेचा निरोप ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन स्नायूपर्यंत नेतं. बर्फानं ते मोडणारं एन्झाइम मंदावतं, म्हणून पापणी उचलली. आधी जागा ठरवायची, मग कारण शोधायचं, ही त्यांची शिस्त. आमचे एवढे महिने यंत्रांकडून उत्तर मागण्यात गेले होते, आणि ते मिळालं बोट, बर्फ आणि नेमक्या प्रश्नांतून.

आजाराचं नाव मायस्थेनिया ग्रेव्हिस. शरीराच्याच अँटीबॉडी, म्हणजे एरवी रोगाशी लढणारी प्रथिनं, स्नायूवरचे रिसेप्टर, म्हणजे ते रसायन धरणाऱ्या जागा अडवतात. खात्रीसाठी नसेला सेकंदाला 3 असे बारीक झटके देऊन स्नायूचा प्रतिसाद घटतो का ते बघितलं, घटत होता. रक्तातल्या अँटीबॉडी पॉझिटिव्ह आल्या. छातीचा सीटीही झाला, कारण साधारण 10 ते 15 टक्के रुग्णांत छातीतल्या थायमस ग्रंथीची गाठ सापडते. आईला नव्हती.

पायरिडोस्टिग्मीनची गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यायची, म्हणजे घास गिळताना ताकद असते. तिचा असर 3-4 तास टिकतो. स्टेरॉइड कमी डोसनं सुरू केलं, कारण एकदम जास्त दिलं तर सुरुवातीला अशक्तपणा वाढू शकतो. श्वास अपुरा वाटला किंवा थुंकी गिळेना, तर रात्र असो की पहाट, व्हेंटिलेटर असलेलं हॉस्पिटल गाठायचं, हे मॅडमनी मला आणि बहिणीला वेगळं बसवून सांगितलं. धोक्याच्या औषधांची यादीही दिली: जेंटामायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन, शिरेतून मॅग्नेशियम, प्रोप्रॅनोलॉल.

पुढं पावसाळ्यात आईला लघवीचा संसर्ग झाला, ताप चढला. आमच्या गावच्या डॉक्टरांनी सिप्रोफ्लॉक्सासिन लिहायला घेतलं होतं. बहिणीनं यादी पुढं केली. त्यांनी ती नीट वाचली, मुंबईला फोन लावला आणि औषध बदललं. यादीची एक झेरॉक्स त्यांनी स्वतःहून मागून घेतली, आणि आईच्या कागदावर वर लाल पेनानं आजाराचं नाव लिहिलं.