अडला हरी, मुक्काम डेव्हन

"मावशी, लीद उचलताना घालायला चालतील असे बूट आहेत का तुझ्याकडे?"

निघायच्या आदल्या रात्री भाचीचा हा मेसेज आला. माझ्या बॅगेत स्वेटर होता, छत्री होती, समुद्रकिनारी मिरवायला नवी चप्पल होती. असे बूट नव्हते. तिथे पोचल्यावर तिने गुडघ्यापर्यंतचे रबरी गमबूट माझ्यापुढे ठेवले आणि इंग्लंडच्या सहलीतले माझे दहा दिवस त्या गमबुटांत गेले.

भाची एक्झिटरला नोकरी करते आणि सुट्टी मिळाली की घोडे-गाढवांच्या एका छोट्या आश्रयस्थानात जाऊन राबते. जागा हॉनिटन गावाच्या पलीकडे, डेव्हन परगण्यातल्या अरुंद रस्त्यांच्या जाळ्यात. दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच मातीचे बांध, बांधांवर झुडपं. समोरून ट्रॅक्टर आला की दोघांपैकी एकाने मुकाट मागे मागे जायचं. अशाच एका बांधाच्या फटीत लाकडी फाटक होतं आणि त्यावर पाटी: 'जनावरांना काहीही भरवू नये.' मी आदल्या संध्याकाळी हौसेने गाजरं घेतली होती. ती पिशवी तिथल्या बाईंनी हसत हसत माझ्या हातातून काढून घेतली आणि आत नेऊन ठेवली. आपल्याकडे पाहुण्याला आग्रह करकरून वाढायची सवय. इथे पहिल्याच मिनिटाला माझा हात धरला गेला.

बाई साठीच्या पुढच्या, बोलायला कमी. दिवस सात वाजता सुरू व्हायचा आणि पहिली वीस मिनिटं काहीच करायचं नाही, नुसतं बघायचं. कोण कळपापासून लांब उभं आहे, कोणाचे कान पडलेत, कोणाच्या जागेवर रोजच्यापेक्षा लीद कमी आहे. घोड्याच्या पोटात दुखायला लागलं तर तो लोळतो, पाय आपटतो, सगळ्यांना कळतं. गाढव तसं काही करत नाही. ते फक्त गप्प होतं, खाणं कमी करतं. म्हणून गाढव 'जरा मलूल वाटतंय' एवढंच कोणी म्हणालं तरी इथे डॉक्टरला फोन जातो. आपण ज्याला मठ्ठपणा म्हणत आलो तो निम्मा दुखणं गिळण्याचा स्वभाव आहे, हे कळल्यावर मला थोडं ओशाळल्यासारखं झालं.

मग लीद. ढकलगाडी, दाताळं आणि उतारावरचं कुरण. याचं वर्णन लांबवत नाही. पहिल्या दिवशी कंबर गेली, चौथ्या दिवशी परत आली. पण हे नुसतं स्वच्छतेचं काम नाही. लिदीतून कृमींची अंडी बाहेर पडतात, त्यांतून निघालेल्या अळ्या गवतावर चढतात आणि चरताना पुन्हा पोटात जातात. लीद वेळेवर उचलली की हे चक्र तुटतं. पूर्वी सगळ्यांना ठरावीक दिवसांनी सरसकट जंताचं औषध द्यायचे, त्यामुळे कृमी औषधांना दाद देईनासे झाले. आता लिदीचा नमुना तपासून अंडी मोजतात आणि ज्याला गरज आहे त्यालाच औषध देतात. नमुन्याच्या पिशव्यांवर नावं लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर चांगलं. शाळेत सुलेखनाचं बक्षीस मिळालं होतं ते असं कामी येईल असं वाटलं नव्हतं.

कोपऱ्यातल्या तबेल्यात एक तांबूस घोडी होती. कोणीतरी ती एका शेतात सोडून पसार झालं होतं. असे सोडलेले घोडे इथे इतके सापडतात की त्यासाठी 2015 साली वेगळा कायदा करावा लागला: शेतमालकाने चोवीस तासांत पोलिसांना कळवायचं, आणि चार दिवसांत मालक पुढे आला नाही तर त्या जनावराची व्यवस्था लावायची. घोडीच्या फासळ्या मोजता येत होत्या, कमरेची हाडं कातडीतून वर आलेली. अंगावर मांस-चरबी किती ते हाताने चाचपून शून्य ते पाच असे गुण देतात. तिला एक मिळाला होता.

अशा जनावरापुढे कोणीही घमेलंभर दाणा ओतेल. मीही ओतला असता. बाईंनी मला भाचीमार्फत नीट समजावलं (त्यांचं डेव्हनी इंग्रजी मला निम्मंच कळे) की उपाशी घोडा मरतो तो पुष्कळदा उपासाने नाही, नंतरच्या जेवणाने. दाण्यातल्या पिठूळ साखरेने इन्शुलिन एकदम वाढतं, त्याबरोबर रक्तातलं फॉस्फेट आणि मॅग्नेशियम पेशींत ओढलं जातं, आणि काही दिवसांत हृदय किंवा श्वास दगा देतो. म्हणून सुरुवातीला थोडी थोडी लसूणघास, तीही दर चार तासांनी, रात्रीसुद्धा. दाणा बंद. रात्री दोनच्या पाळीला मी एकदा भाचीबरोबर गेले होते. मूठ-दीड मूठ गवत संपवून घोडी आमच्या रिकाम्या हातांकडे बघत राहिली. तिथून पाठ फिरवून निघणं हे त्या दहा दिवसांतलं सगळ्यात अवघड काम होतं, आणि त्यात करायचं काहीच नव्हतं.

गाढवांची गोष्ट नेमकी उलट. आठांपैकी पाच गाढवं इथे आली ती कोणी छळलं म्हणून नव्हे, तर लाडाने. परसातली हिरवळ, उरलेला पाव, शेजारच्या मुलांची सफरचंदं. गाढव मूळचं आफ्रिकेतलं; सुमारे सात हजार वर्षांपूर्वी पूर्व आफ्रिकेत माणसाळलं गेलं असं त्याच्या जनुकांवरून दिसतं. कोरड्या, काटेरी प्रदेशात मैलोन्‌मैल हिंडून मिळेल ते चघळायचं, हा त्याच्या पोटाचा हिशेब. त्याला डेव्हनचं लुसलुशीत गवत म्हणजे रोजचं श्रीखंड. चरबी मानेवर साठते, आणि वाढत गेली की मानेचा वरचा काठ एका बाजूला कलंडतो, तो पुढे बारीक झालं तरी बहुधा सरळ होत नाही. आणि मग लॅमिनायटिस: खुराचं बाहेरचं कवच आणि आतलं हाड ज्या पापुद्र्यांनी जोडलेलं असतं ते सुजून सुटायला लागतात आणि हाड खुरात खाली सरकतं. नखाखाली ठणका लागलेला असताना त्याच बोटावर उभं राहायचं, तसं काहीतरी. त्यामुळे यांचं मुख्य खाणं सातूचं काड. चोहीकडे हिरवंगार कुरण आणि ही आठ जणं विजेच्या तारेच्या आत, खडीच्या अंगणात काड चावत उभी. रस्त्यावरून जाणारे लोक अधूनमधून फाटकाशी थांबून बाईंना सुनावतात की तुम्ही त्यांना उपाशी ठेवता. बाई त्यांच्याशी वाद घालत नाहीत. मी असते तर घातला असता.

शिवाय घोड्याच्या मानाने गाढवाच्या अंगावरची लव पावसाला फारशी अडवत नाही. त्यामुळे डेव्हनची भुरभुर सुरू झाली की घोडे खुशाल चरत राहतात आणि गाढवं ओळीने छपराखाली येऊन उभी राहतात, लग्नाच्या मांडवात पाऊस आल्यावर वऱ्हाडी उभे राहतात तशी.

बुधवारी नालबंद आला. कळपात दोन गाढवं नवी होती, त्यांचे पुढचे खूर मोजडीच्या टोकासारखे वर वळलेले. साधारण सहा ते दहा आठवड्यांनी खूर कापावे लागतात. यांचे कित्येक महिन्यांत कोणी पाहिले नव्हते. ते एका बैठकीत सरळ करता येत नाहीत, कारण वाकड्या पायाची शिरांना सवय झालेली असते. म्हणून आधी एक्स-रे, मग थोडं थोडं तासायचं. त्याने गाढवाचा पाय उचलून दोन गुडघ्यांत धरला. मला समोर उभं राहून डोकं धरायला सांगितलं होतं, आणि मला हसू आवरेना. भाचीने विचारलं तेव्हा तिला 'अडला हरी गाढवाचे पाय धरी' सांगितलं. तिला म्हण माहीत होती, पण तिने ती कधी अशी घडताना पाहिली नव्हती. तिने इंग्रजीत उलगडून सांगितली. नालबंदाने वर न बघता विचारलं, "हा हरी कोण?"

"देव."

"नाल ठोकायची असेल तर कायद्याने नोंदणी लागते," तो म्हणाला. "नुसते पाय धरायला चालेल."

(खरंच तसा कायदा आहे, 1975 चा. घोड्याला नाल ठोकणारा माणूस नोंदणीकृतच हवा.)

मधल्या एका दिवशी आम्ही सिडमथला गेलो. लाल मातीचे उभे कडे, गोट्यांचा किनारा, सगळं पोस्टकार्डासारखं. पण मला बघायची होती ती जवळची डाँकी सँक्चुअरी. जगातल्या गाढवांसाठीच्या संस्थांत ही फार मोठी. प्रवेशाला पैसे नाहीत, कुरणांपलीकडे समुद्र दिसतो, प्रत्येक गाढवाच्या गळ्यात नावाचा पट्टा. एलिझाबेथ स्वेंडसन नावाच्या बाईंनी 1969 साली ती सुरू केली. त्या जवळच्या ऑटरी सेंट मेरीत हॉटेल चालवायच्या. गाढवं हळूहळू वाढत होती, आणि मग मिस फिलपिन नावाच्या दुसऱ्या एका गाढववेड्या बाईंनी मृत्युपत्रात आपली गाढवं यांच्या नावे करून टाकली. किती? 204. कोणी वारसाहक्कात दागिने ठेवतं, कोणी भांडणं. यांनी दोनशे चार तोंडं ठेवली. मला एकदम पैठणचे नाथमहाराज आठवले, काशीहून आणलेली कावड तहानलेल्या गाढवाच्या तोंडात रिती करणारे. पण नाथांपुढे एकच गाढव होतं.

उरलेले दिवस रॅगवर्ट उपटण्यात गेले. पिवळ्या फुलांचं देखणं तण आहे, जुलैत कुरणभर फुलतं. ताजं असताना कडू, म्हणून जनावरं सहसा तोंड लावत नाहीत. वाळून गवताच्या गंजीत गेलं की कडवटपणा जातो, विष मात्र राहतं आणि यकृत हळूहळू निकामी करतं. हातमोजे घालून मुळासकट काढायचं. दुपारच्या चहाला बाई कागदपत्रांचा गठ्ठा घेऊन बसायच्या: इथे प्रत्येक घोड्या-गाढवाला पासपोर्ट लागतो आणि 1 ऑक्टोबर 2020 पासून मायक्रोचिपही. व्हिसासाठी मी घातलेले हेलपाटे आठवून मी त्यांतला एक पासपोर्ट जरा आदराने हाताळला.

आठव्या दिवशी मर्फी गेला. तिशी उलटलेलं राखाडी गाढव, दाढा बऱ्याचशा पडलेल्या, त्यामुळे त्याला बारीक चिरलेला चारा भिजवून द्यायचे. पहाटे पोटात दुखायला लागलं. डॉक्टर आले, तपासलं आणि इंजेक्शन देऊन त्याला शांतपणे झोपवलं. मला वाटलं आता गाडी येईल आणि त्याला नेतील. बाईंनी तबेल्याचं दार उघडं ठेवलं आणि त्याच्या जोडीदारणीला, क्लोव्हरला, आत सोडलं.

गाढवं जोडीने राहतात, आणि जोडी तुटली तर मागे राहिलेल्याला मेलेल्याजवळ हवा तितका वेळ राहू द्यायचं ही पद्धत आहे. नाहीतर ते शोधत, ओरडत राहतं. क्लोव्हर त्याला हुंगत होती, एकदा तिने पुढच्या पायाने त्याच्या खांद्याला ढोसलं, मग नुसती उभी राहिली. आम्ही बाहेर कामं करत होतो आणि कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. दुपारनंतर ती आपणहून बाहेर आली. मगच गाडीला फोन गेला.

पण ती खाईना. आणि गाढवाने खाणं सोडणं म्हणजे नुसतं दुःख नव्हे. शरीर साठवलेली चरबी रक्तात सोडायला लागतं, यकृताला ती पेलत नाही, आणि काही दिवसांत जीव जाऊ शकतो. जितकं गुटगुटीत गाढव तितका धोका जास्त. डॉक्टरांनी रक्त घेतलं. नळीत वर राहिलेलं पाणी गढूळ, दुधट दिसत होतं. त्यांनी नाकातून नळी घालून पातळ खाणं दिलं आणि पुढचं बाईंवर सोपवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले तेव्हा बाई तिच्या समोर काडावर मांडी घालून बसल्या होत्या. आजूबाजूला काय काय मांडलेलं: पुदिना, केळं, काटेरी बांधावरची ब्लॅकबेरीची पानं, आल्याच्या बिस्किटांचा पत्र्याचा डबा. इथल्या गाढवांना ही बिस्किटं फार आवडतात, आपल्या आलेपाकाची लांबची भावंडं म्हणा. आणि एका वाडग्यात किसलेली गाजरं. माझीच. ज्या बाईंनी आठ दिवस कोणाला पानसुद्धा वाढवून घालू दिलं नव्हतं त्या क्लोव्हरच्या ओठांशी बिस्किटाचा तुकडा धरून हळू आवाजात तिची मनधरणी करत होत्या. मी गाजराचा कीस तळहातावर घेऊन शेजारी बसले. तिने हुंगलं आणि तोंड फिरवलं. दुपारी दुसऱ्या एका शांत गाढविणीला शेजारच्या कप्प्यात आणून ठेवलं. क्लोव्हरने एक कान तिकडे वळवला, बस.

शेवटच्या दिवशी माझी दुपारची गाडी होती. सकाळी गेलो तर बिस्किट तसंच, केळं तसंच. पण क्लोव्हर मान खाली घालून पायाखालचं काड चावत होती, साधं, अंथरलेलं काड, सावकाश, कुरूकुरू. बाई काही बोलल्या नाहीत, नुसतं तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. नंतर दिवसभरात तिने गाजराचा कीसही संपवला, असं भाचीने संध्याकाळी कळवलं.

आम्ही निघालो तेव्हा तिने बिस्किटाचा वास घेऊन ओठ पुढे केले होते. बाईंनी एक तुकडा दिला. तिने दुसऱ्यासाठी मान पुढे केली. बाईंनी डब्याचं झाकण लावलं आणि डबा वर, खुंटीशेजारच्या फळीवर ठेवून दिला.